होडी बुडवण्याची योग्य पद्धत

बाळांनो, डोळे मिटा. एखादा बोटांच्या फटीतून बघत असेल तर बघू दे, असा एक प्रत्येक वर्गात असतो. आता मनात एक तळं आणा. पलीकडचा काठ दिसतो, पण तिथं उभं असलेलं माणूस कोण ते ओळखू येत नाही, एवढं मोठं. अलीकडच्या काठावर एक लाकडी होडी पालथी घातलेली आहे. होडीवर एक म्हातारी बसली आहे, मांडीवर कॉफीचा थर्मास. ती मी. तुम्हाला म्हातारीऐवजी कुणी तरुण बाई दिसत असेल तर तेही चालेल.

त्या होडीवरून दोन गोष्टी दिसतात. डावीकडे आमच्या गावची शाळा, जिथं मी जन्मभर शिकवलं. आणि समोर पलीकडचा काठ, जिथून माझी निम्मी मुलं यायची. तिकडे रस्ता नाही. पलीकडेच राहणारा ओस्कारी त्यांना या होडीतून आणायचा. होडी त्यानंच बांधलेली. सकाळी मी वर्गाची खिडकी उघडायची, फळा पुसायची, पण कान पाण्याकडे. धुक्यात होडी दिसायच्या आधी वल्ह्यांच्या खुंट्या ऐकू यायच्या. एक करकर, मग शांतता, मग पुन्हा करकर. ती ऐकली की मी शेगडीत दोन लाकडं जास्त घालायची.

आता पलीकडे मुलं नाहीत. कुणीच नाही. ओस्कारीला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलंय, आणि या उन्हाळ्यापासून शाळाही बंद. उरलेली मुलं टॅक्सीनं शहरात जाणार. मी मात्र रोज येऊन होडीवर बसते. पालथी होडी करकरत नाही, हे मला कळतं. तरी बसते.

तर मे महिन्यात शाळेतल्या नव्या बाईचा फोन आला. ती माझीच विद्यार्थिनी, त्यामुळे ती बाई झाली तरी मलाच बाई म्हणते.

"बाई, शेवटच्या आठवड्यात शाश्वत विकास आहे."

"असू दे," मी म्हटलं.

"तसं नाही. तुम्ही एक तास घ्याल का? पुस्तकात तीन वर्तुळं काढलीत, मुलं त्यांना डोळे नाक काढतात. शाश्वत म्हणजे काय याबद्दल माणसांची मतं वेगवेगळी असतात, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं."

"त्याला तास कशाला? अर्धा पुरे."

हे मी तेव्हा म्हटलं. माणूस बोलून जातो.

मी मुलांना होडीपाशी नेलं. म्हटलं, "पोरांनो, तुमच्यामागून येणाऱ्यांनाही काही उरावं अशा बेतानं वागणं, म्हणजे शाश्वत. आता सांगा, या होडीचं काय करावं?"

"युहान्नुसला जाळायची," एक जण म्हणाला. यात वावगं काही नाही. ऐन उन्हाळ्यातल्या त्या सणाला आम्ही काठावर मोठा जाळ करतो आणि जुनी होडी असली तर वर ठेवतो. म्हातारी होडी अशी जाणं मानाचं समजतात.

"दुरुस्त करायची," दुसरी म्हणाली.

"कुजू द्यायची. किडे होतील, ते पक्षी खातील."

"विकायची आणि फोन घ्यायचा."

"मग मागून येणाऱ्यांना काय उरेल?"

"फोन."

तास रंगला. ओघात मी त्यांना कोरडी होडी पाण्यात कशी घालतात तेही सांगितलं. वाळलेल्या फळ्यांत फटी पडतात, त्यामुळे ती तशीच लोटली तर गळते. म्हणून आधी काठाजवळ तिच्यात दगड भरून तिला बुडवायची. दगड आपटायचे नाहीत, ठेवायचे. दोन-तीन दिवस तिला पाणी पिऊ द्यायचं. फळ्या फुगतात, फटी मिटतात.

"म्हणजे तरंगण्यासाठी बुडवायची?" हिल्लानं विचारलं. ती ओस्कारीची नात, नऊ वर्षांची. तासभर तिनं एवढंच विचारलं.

"हो. जगात अशा काही गोष्टी आहेत."

सगळे गेल्यावर ती होडीपाशीच घुटमळत राहिली. मग म्हणाली, "बाई, युहान्नुसला आजोबांना आणणारेत. शुक्रवारी येणार, शनिवारी दुपारी टॅक्सी परत न्यायला. त्यांना पलीकडे जायचंय. घराच्या दारासमोर दगड आहे ना, त्याच्यावर बसायचंय. फोनवर रोज तेवढंच बोलतात."

"तौनोची अ‍ॅल्युमिनियमची होडी आहे की."

"आजोबा म्हणतात, दुधाच्या कॅनमध्ये मी बसत नाही. आईनं खूप सांगून पाहिलं." तिनं पालथ्या होडीवर हात ठेवला. "बाई, ही जाईल ना?"

"जाईल," मी म्हटलं. शिक्षकाच्या तोंडून असा शब्द गेला की तो परत घेता येत नाही, आणि फळ्यावर लिहिलेला नसल्यामुळे पुसताही येत नाही.

आता आमच्याकडे एखादं काम एकट्यानं होण्यासारखं नसलं की तालकोत करतात. म्हणजे शेजारीपाजारी आपापली हत्यारं घेऊन फुकट कामाला येतात आणि ज्याचं काम असेल त्यानं त्यांना सूप आणि कॉफी द्यायची. नाही म्हणायची पद्धत नाही. कशाला बोलावलं ते विचारायचीही फारशी पद्धत नाही. मी रिकाम्या वर्गात बैठक बोलावली, वेलदोड्याचे पाव भाजले, आणि तिघं आले.

तौनो आला. त्याचं जंगल आहे, तो झाडं तोडतो आणि तोडली त्याहून जास्त लावतो. केर्त्तू आली, जिनं आजवर एकही वस्तू टाकून दिलेली नाही. नवरा वारला तेव्हा त्याच्या शर्टांची तिनं गोधडी शिवली आणि बटणं अजून घरातल्या घरात नोकरीला आहेत. आणि लाउहा आली. तिच्या बागेत गवत कापत नाहीत, कारण गवताला ते आवडत नसावं असं तिचं मत आहे. तिघंही बाकांवर बसले, गुडघे हनुवटीला लागले.

मी होडीचा विषय काढला, ओस्कारी येणार एवढं सांगितलं आणि म्हटलं, "होडीचं जे योग्य ते व्हावं, असं मला वाटतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तौनो म्हणाला, "ओस्कारी येतोय म्हणजे तिला मानानं निरोप द्यायला हवा. राख बटाट्याला चांगली. तिच्या जागी मी दोन पाइन लावीन."

शांतता.

"तळाची फळी तेवढी गेलीय," केर्त्तू म्हणाली. "माझ्याकडे पत्रा आहे."

शांतता.

"तिला जरा एकटं सोडलं तर बरं," लाउहा म्हणाली.

शांतता. तौनोनं पाव घेतला.

"मग ठरलं?" मी विचारलं. "कुणाची हरकत?"

आता इथं थोडं थांबायला हवं. आमच्या लोकांत गप्प बसणं म्हणजे होकार. नकार असला तरी माणूस गप्पच बसतो, फक्त जरा वेगळ्या तऱ्हेनं. हा फरक ओळखता येतो असं प्रत्येकाला वाटतं. त्या दिवशी वर्गातून चौघं जण बाहेर पडलो, आणि बैठकीनं आपलंच म्हणणं मान्य केलं अशी चौघांचीही खात्री होती. मी तर घरी येऊन स्वतःला एक पाव जास्त वाढून घेतला.

तालकोतच्या दिवशी मोठ्या पातेल्यात माशाचं सूप केलं. होडी उलटवायला हात लावणार, तेवढ्यात लाउहा आडवी झाली. शब्दशः. होडीखाली धोबी पक्ष्यानं घरटं केलं होतं, आत पाच तोंडं उघडी.

"उडेपर्यंत हात लावायचा नाही," लाउहा जमिनीवरूनच म्हणाली. "कायदा आहे."

आम्ही सूप प्यालो आणि घरी गेलो. होडीभोवती लाउहानं दोरी बांधली. मला माझ्याच होडीवर बसायची बंदी झाली. मी शेजारी स्टूल टाकून बसू लागले, तर धोब्याच्या मादीनं माझ्याकडे असं पाहिलं की वर्गात उशिरा येणाऱ्याकडे मीही कधी पाहिलं नसेल.

हिल्ला रोज येऊन विचारायची, "उडाली का?"

"उद्या," मी म्हणायची.

दरम्यान मला वाटलं, होडी पाण्यात घालायची तर नगरपालिकेला विचारून ठेवावं. कुणी विचारलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, पण मी शिक्षिका आहे. मी ओलावीला फोन केला. तोही माझाच विद्यार्थी. लहानपणी पट्टीनं रेघ मारल्याशिवाय तो उत्तर लिहीत नसे, आणि नगरपालिकेनं त्याचं चीज केलं.

"बाई, आधी ती वस्तू काय आहे ते ठरवू," तो म्हणाला. "ती होडी असेल तर तिला पालिकेच्या धक्क्यावर जागा हवी. जागेला रांग आहे. टाकाऊ लाकूड असेल तर डांबर लावलेलं म्हणून घातक कचऱ्यात जाणार. शाळेचं सामान असेल तर शाळा बंद होताना ते निकालात काढायला हवं होतं. घरटं असेल तर माझ्याकडे येतच नाही."

"ओलावी, तू तिच्यात बसून शाळेत आला आहेस."

"हो बाई, पण तेव्हा मी या खात्यात नव्हतो." कागद उलटल्याचा आवाज आला. "सध्या ती उलटी आहे का सुलटी?"

"उलटी."

"मग ती ठेवलेली वस्तू आहे. मी येऊन बघतो."

युहान्नुसच्या आठवडाभर आधी पिल्लं उडाली. केर्त्तूनं त्याच संध्याकाळी होडी सुलटी केली. कुजलेल्या जागी लोकरीचे जुने मोजे डांबरात भिजवून लावले, वरून केक भाजायचा पत्रा खिळ्यांनी ठोकला आणि दगड भरून होडी काठाजवळ बुडवली. मी घरी जाऊन निवांत झोपले.

सकाळी थर्मास घेऊन आले तर होडी काठावर. दोन ओंडक्यांवर ठेवलेली, उन्हात खडखडीत वाळत.

मला वाटलं, बुडवली हे मी स्वप्नात पाहिलं असेल. दुपारी पुन्हा गेले तर होडी पालथी. संध्याकाळी गेले तर बुडालेली. दुसऱ्या दिवशी तेच: सकाळी वाळत, दुपारी पालथी, संध्याकाळी पाण्यात. कुणाला विचारावं तर, "हेल्वी, तुला बरं नाही का?" असं कुणी म्हणालं असतं. माझ्या वयात हा प्रश्न एकदा विचारला गेला की माणसं पुढं किल्ल्या काढून घेतात. मी गप्प राहिले. घरी येऊन पाढे म्हणून पाहिले. सतराचा सुद्धा बिनचूक आला. तरी धीर येईना.

ओलावी तीनदा आला. पहिल्यांदा त्याला लाकूड दिसलं, दुसऱ्यांदा ठेवलेली वस्तू, तिसऱ्यांदा पाण्याखालची होडी. तिसऱ्यांदा तो काठावर खूप वेळ उभा राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ही हलते आहे."

"मला काही बोलू नकोस, ओलावी."

"नाही बाई." आणि तोही गप्प राहिला. मी त्याला चांगलं वळण लावलं होतं.

युहान्नुसच्या शुक्रवारी दुपारी आमच्याकडे पहिला सौना, म्हणजे वाफेचं स्नान, बायकांचा. केर्त्तू, लाउहा आणि मी वाफेत बसलो होतो. सौन्यात माणूस खोटं बोलत नाही. एरवी खरंही बोलत नाही, पण उन्हाळ्यात थोडं ढिलं होतं. मी मनाचा हिय्या केला.

"बायांनो, मला वाटतं माझं डोकं चाललंय. होडी मला तीन ठिकाणी दिसते."

केर्त्तूनं तापल्या दगडांवर पाणी टाकलं. दगड फुसफुसले.

"संध्याकाळी मी बुडवते," ती म्हणाली. "फुगायला. पण रोज कोणतरी बाहेर काढतं. मी म्हटलं पोरं असतील."

"दुपारी मी पालथी घालते," लाउहा म्हणाली. "धोबी दुसऱ्यांदा अंडी घालतो. त्याला खाली जागा नको?"

"मग सकाळी कोण काढतं?"

दाराबाहेरच्या पायरीवर तौनो आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. फळीपलीकडून त्याचा आवाज आला. "मी. ट्रॅक्टरनं. ओली होडी जळेल कशी?"

मला वाटलेलं सुख मी लपवू शकले नाही. माझं डोकं शाबूत होतं.

"तौनो," मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "आता होडी कुठं आहे?"

"इकडे यायच्या आधीच वर चढवली. जाळाच्या ढिगावर. छान दिसतेय."

आम्ही पळालो. तीन टॉवेल आणि तीन म्हाताऱ्या, तळ्याच्या वाटेनं. तौनो मागून म्हणत होता, "बैठकीत कुणी बोललं नाही ना, हेल्वी? मी मुद्दाम पाव खाऊन वाट पाहिली." काठावर पोचलो तेव्हा गाव जमला होता. जाळाची तपासणी करायला ओलावी आला होता. आणि शहराची टॅक्सी नुकतीच थांबली होती. ओस्कारी काठी टेकून उतरला होता, शेजारी हिल्ला. दोघं वर बघत होते. फांद्यांच्या ढिगावर, घरापेक्षा उंच, ती होडी.

हिल्लानं माझ्याकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. मी दिलेला शब्द तिला पाठ होता, तो पुन्हा म्हणून दाखवायची तिला गरज नव्हती. मी टॉवेल घट्ट धरला.

"कुणी चढवली?" ओस्कारीनं विचारलं.

"मी," तौनो म्हणाला. "मानानं."

"उतरव."

ओलावी पुढं आला. माझ्या टॉवेलकडे न बघण्यासाठी तो आभाळाकडे बघत होता. "बाई, उतरवली तर ती नक्की काय धरायची?"

"होडी धर, ओलावी," मी म्हटलं. "तुझ्या बाजूनं धर, आणि उचल."

त्यानं धरली. सगळ्या गावानं धरली. आठवडाभर तिला कुणी वाळवलं होतं, कुणी भिजवलं होतं, कुणी उलटवलं होतं. ती धड कोरडी नव्हती, धड फुगलेली नव्हती. पाण्यात ठेवल्याबरोबर तळातून बारीक झरे फुटले.

"गळते," केर्त्तू हिरमुसून म्हणाली.

"नेहमीच गळायची," ओस्कारी म्हणाला. "एकानं वल्हवायचं, एकानं उपसायचं. हेल्वीला विचार, पोरांचे मोजे कशानं भिजायचे."

मला शेगडीवरची दोरी आठवली. ओळीनं लटकलेले छोटे छोटे मोजे, आणि वर्गभर ओल्या लोकरीचा वास. तो वास मी इतकी वर्षं शोधत होते आणि कसला ते मला सांगता येत नव्हतं.

मी कपडे करून आले. हिल्ला वल्ह्यांवर बसली, ओस्कारी मागं, आणि मी मधे, हातात तालकोतची कॉफीची किटली. केर्त्तूनं तिघांना लाइफ जॅकेट चढवली, सगळी जुनी, तिनंच शिवून घेतलेली. तौनोनं धक्का दिला.

आणि मग, बाळांनो, ती आली. करकर. मग शांतता. मग करकर. मी किटलीनं पाणी उपसत होते आणि माझा चेहरा ओला झाला होता. होडीत एवढं पाणी असताना तेवढं चालतं. ओस्कारीनं एक हात पाण्यात सोडला होता. हिल्ला जीभ दातांत धरून वल्हवत होती, दर चार वल्ह्यांनी खांद्यावरून मागं बघत, दगड दिसतो का ते.

पोचलो तेव्हा पाणी घोट्यांच्या वर होतं. ओस्कारीला आम्ही दोघींनी धरून दारापर्यंत नेलं. किल्ली चौकटीवर होती तिथंच होती. तो दगडावर बसला, काठी बाजूला ठेवली, बूट काढले आणि पाय गवतात ठेवले. मग काहीच केलं नाही. मी कुणाला इतकं पोटभर काही न करताना पाहिलेलं नाही.

समोरच्या काठावर जाळ पेटला. पाण्यावरून आवाज लांब येतो. केर्त्तू मोठ्यानं म्हणत होती की जे आहे ते टिकवणं म्हणजे शहाणपण. तौनो म्हणत होता की टिकतं ते जंगल, वस्तू नव्हे, आणि तोडल्याशिवाय लावणार कुठं. लाउहा दोघांना विचारत होती की माणसानं सारखं काहीतरी केलंच पाहिजे का. मधूनमधून ओलावी पोटनियम सांगत होता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलत होते. माझा अर्ध्या तासाचा तास एकदाचा सुरू झाला होता, आणि बाई या काठावर होत्या.

मी किटली उचलली. "चल हिल्ला. होडी आणखी भरायच्या आत निघायला हवं. उद्या दुपारी टॅक्सी आहे."

ओस्कारीनं फक्त बुटांकडे पाहिलं, आणि ते जरा दूर सरकवले.

हिल्लानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती काठावर गेली. मला वाटलं पाणी काढायला गेली. तिनं वाकून एक मोठा दगड उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून पाण्यात उतरली आणि होडीत ठेवला. मग दुसरा.

"हिल्ला, हे काय करतेस?"

"गळतेय ना, बाई. तिला पाणी पिऊ द्यायला हवं. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, मग आपण परत कसे जाणार? तौनोला बोलवावं लागेल."

"दुधाच्या कॅनमध्ये मी बसत नाही," ओस्कारी दगडावरून म्हणाला. एवढं समाधान मी त्याच्या आवाजात पूर्वी ऐकलं नव्हतं.

"दोन-तीन दिवस लागतात, हो ना?" हिल्लानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा दगड आणायला गेली. तोही तिनं आपटला नाही. मी सांगितलं होतं तसा, अलगद, तळाच्या फळीवर ठेवला.